दुसरा वापरकर्ता कोण?

जुन्या श्रीलिपीतले मजकूर युनिकोडमध्ये कसे आणायचे, ते आज सांगणार होतो. ते पुढच्या आठवड्यावर ढकलतोय, कारण विक्रोळीच्या कन्नमवार नगरातल्या एका गृहनिर्माण संस्थेच्या सचिवांचं पत्र आलंय आणि त्यांचं काम थांबण्यासारखं नाही. ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यायची आहे, मागच्या सभेचं इतिवृत्त सभासदांना वाटायचं आहे आणि नेमकी तीच फाइल अडून बसली आहे. कार्यालयात तीन संगणक. सामायिक फोल्डर त्यातल्या पहिल्यावर, बाकीचे दोन नेटवर्कवरून तिथंच काम करतात. फाइल उघडायला जावं तर वर्ड सांगतो की ती दुसऱ्या वापरकर्त्याकडे उघडी आहे, म्हणून बंद आहे. सचिव लिहितात, ‘कार्यालयात मी एकटाच आहे. नव्या नावानं प्रत करून पुढे जाऊ का?’

जाऊ नका. निदान हा लेख वाचून होईपर्यंत तरी नको. दोन प्रती झाल्या की खरी कोणती, हा वाद सभेत निघतो.

सामायिक फोल्डर उघडा, ‘व्ह्यू’मध्ये जाऊन लपवलेल्या फायली दाखवायला सांगा. मूळ फाइलच्या शेजारी एक चिमुकली, बहुधा १६२ बाइटांची फाइल दिसेल. तिच्या नावाच्या सुरुवातीला ~$ असतं. वर्डमध्ये कुणी दस्तऐवज उघडला की वर्ड ही फाइल तयार करतो, तिच्यात उघडणाऱ्याचं नाव लिहितो आणि दस्तऐवज बंद झाला की ती पुसतो. वीज गेली, संगणक अडकला, वर्ड मध्येच कोसळला, की पुसायचं राहून जातं. नेटवर्क क्षणभर तुटलं तरी हेच.

या फाइलचं नाव कसं बनतं, ते मला फार आवडतं. नाव आठ किंवा जास्त अक्षरखुणांचं असेल तर वर्ड पहिल्या दोन खुणा काढून त्यांच्या जागी ~$ घालतो. इंग्रजी नावात पहिली दोन अक्षरं जातात, बाकीचं नाव ओळखू येतं. मराठीत काना, मात्रा, वेलांटी, हलन्त या सगळ्या संगणकाच्या लेखी स्वतंत्र खुणा. ‘स्मरणपत्र’मधला अर्धा स जातो आणि ‘मरणपत्र’ उरतं! आमच्या सचिवांच्या ‘इतिवृत्त’मधले इ आणि त गेले, वेलांटी मागे राहिली, आणि वेलांटी एकटी उभी राहू शकत नाही म्हणून विंडोजनं तिला टेकायला ठिपक्यांचं वर्तुळ काढून दिलं. असं नाव दिसलं की माणसं व्हायरस समजून घाबरतात. घाबरायचं कारण नाही, ती त्याच दस्तऐवजाची सोबतीण आहे.

पण ती फाइल म्हणजे कुलूप नव्हे. विक्रोळीकरांना हा फरक समजावणं सोपं आहे. ज्या गोदरेजांचे कारखाने तिथं उभे राहिले, त्यांचा धंदाच मुळी १८९७ साली कुलपांपासून सुरू झाला. ~$ ची फाइल म्हणजे दारावरची नावाची पाटी. कुलूप वेगळं असतं आणि ते लावतो फोल्डर सांभाळणारा संगणक. पाटी काढल्यानं कुलूप उघडत नाही. उलट कुलूप केव्हाच निघालेलं असतं आणि राहून गेलेल्या पाटीमुळे वर्ड दारातून परत फिरतो, असंही होतं.

म्हणून आधी कुलूप बघायचं. तिन्ही संगणकांवर वर्ड बंद करा आणि टास्क मॅनेजरमध्ये तो पडद्याआड चालू राहिलेला नाही ना, याची खात्री करा. एक्सप्लोररचं प्रिव्ह्यू पेनही बंद करा. नुसती झलक दाखवण्यासाठी तेही फाइल धरून ठेवतं. मग पहिल्या संगणकावर कॉम्प्युटर मॅनेजमेंट उघडा, शेअर्ड फोल्डर्समध्ये ओपन फाइल्स बघा. नेटवर्कवरून कोणती फाइल कुणी धरली आहे, ते तिथं दिसतं. इतिवृत्त दिसलंच तर त्या माणसाला फोन करा. तिथूनच फाइल जबरदस्तीनं बंद करता येते, पण त्याचं न साठवलेलं काम जाऊ शकतं. यादीत काहीच नसेल आणि तिन्हीकडे वर्ड बंद असेल, तरच ती ~$ ची फाइल पुसा. मूळ दस्तऐवजाला हात लागणार नाही.

आता तो ‘दुसरा वापरकर्ता’. वर्डला पाटीवर लिहायला नाव लागतं आणि ते तो फाइल, ऑप्शन्स, जनरल इथून घेतो. बहुतेक कार्यालयांत तिथं संगणक विकणाऱ्यानं टाकलेलं ‘युजर’ किंवा ‘ॲडमिन’ तसंच असतं. तिन्ही संगणकांवर तेच नाव असेल तर संदेश वाचून काय कळणार? तिथं माणसाचं किंवा निदान टेबलाचं नाव घाला, आणि ऑफिसमध्ये साइन-इन केलेलं असलं तरी हेच नाव वापरायचं, ही खालची खूणही करा. मी कुठल्याही कार्यालयात गेलो की सगळ्यात आधी हे करून देतो. निम्मे प्रश्न मग खुर्चीतून उठून शेजारी विचारण्यावर मिटतात.

सचिवांच्या पत्रात शेवटी आणखी एक ओळ होती आणि मला खरी काळजी तिची वाटते. ‘दुसऱ्या सभेचे इतिवृत्त’ या एकाच नावाच्या दोन फायली एकाच फोल्डरमध्ये आहेत, असं ते म्हणतात. एकाच नावाच्या दोन फायली विंडोज ठेवू देत नाही, म्हणजे ही नावं फक्त दिसायला सारखी आहेत. ‘दुसऱ्या’मधला ऱ्य दोन प्रकारे लिहिला जातो. एकात खाली नुक्ता असलेला ऱ, त्यापुढे हलन्त. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडखूण. पडद्यावर दोन्ही सारखेच. ॲ चीही तीच गत. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं. त्याआधी लोक अ वर चंद्र देऊन भागवत, काही कळफलक अजून तेच करतात. संस्थेत दोघांचे कळफलक वेगळे असले की दोघंही आपापलं इतिवृत्त दुरुस्त करत बसतात आणि वर्ड कुणालाच अडवत नाही, कारण त्याच्या दृष्टीनं या दोन वेगळ्या फायली आहेत. अडलेली फाइल निदान आरडाओरडा करते. इथं काहीच कळत नाही.

ओळखायचं असं: एकेका फाइलचं नाव वर्डमध्ये चिकटवा, ‘दुसऱ्या’नंतरचं सगळं काढा आणि शेवटून एकेक बॅकस्पेस मारा. र उरला की थांबा. त्याच्याखाली टिंब असेल तर तो पहिला प्रकार, नसेल तर दुसरा. मग दोन्ही फायली उघडून रिव्ह्यूमधल्या कंपेअरनं शेजारी लावा, प्रत्येक फरकावर सचिव आणि अध्यक्ष दोघांनी मिळून निर्णय घ्या, तयार झालेल्या एका फाइलला तारखेच्या आकड्यांनी सुरू होणारं, ऱ्य आणि ॲ टाळलेलं नाव द्या. जुन्या दोन्ही फायली सभा होऊन इतिवृत्त कायम होईपर्यंत वेगळ्या फोल्डरमध्ये जपून ठेवा.