गोणीतली मॅन्झनिटा

कॅलिफोर्नियातल्या मराठी घरांत बागकाम सुरू होतं ते एप्रिल-मेमध्ये. थंडीभर घरात जपलेली कढीपत्त्याची कुंडी बाहेर येते, भेंडी-मिरचीची रोपं लागतात. रानफुलांचं वेळापत्रक मात्र बरोब्बर उलटं. इथला पाऊस हिवाळी, उन्हाळा कोरडा ठणठणीत. त्यामुळे पॉपी, ल्युपिन, क्लार्किया यांच्या बिया आकाशकंदील लावायच्या दिवसांत पेरायच्या आणि गुढीपाडव्यापासून फुलं बघायची. सरळसरळ रब्बीच. बारीक बी मूठभर वाळूत मिसळून विस्कटायचं, दाताळं फिरवलेल्या जमिनीवर पायाने हलकं दाबायचं, पुरायचं नाही. खत तर मुळीच नको; ते तणालाच लागू पडतं. दुकानात ‘रानफुलांचं मिश्रण’ म्हणून चकचकीत पाकिटं मिळतात, त्यांत मेक्सिकोकडचा कॉसमॉससुद्धा असतो. ती पाकिटं तिथेच ठेवावीत.

हे सगळं मी शिकलो ते कॅलिफोर्निया नेटिव्ह प्लँट सोसायटीच्या स्वयंसेवकांकडून. संस्थेची स्थापना १९६५ची. राज्यभर शाखा, रविवारच्या रानफेऱ्या, तण उपटायचं श्रमदान, दर ऑक्टोबरात रोपविक्री. दुर्मीळ वनस्पतींची त्यांची यादी १९७४ साली पहिल्यांदा छापली गेली आणि आज सरकारी खातीही ती प्रमाण मानतात. नियतकालिकाचं नाव बरीच वर्षं ‘फ्रीमाँटिया’ होतं, एका पिवळ्या फुलांच्या झुडपावरून. झुडपाचं नाव जॉन फ्रीमाँट या लष्करी मोहीमवाल्यावरून, आणि आपली माणसं दाटीने राहतात ते फ्रीमाँट गावही त्याच्याच नावाचं. संस्थेची एवढी ओळख पुरे. मला वर्षानुवर्षं ओढ आहे ती जेम्स रूफ या माणसाची. संस्था जन्मली त्याच्या बागेपायी, आणि तिच्या पुढच्या तत्त्वांत मात्र त्याची करणी काही केल्या बसत नाही.

रूफ हा बर्कलीच्या डोंगरावरच्या टिल्डन पार्कमधल्या वनस्पती उद्यानाचा पहिला संचालक. १९४०च्या जानेवारीत उद्यान सुरू झालं. कल्पना अशी की अख्खं राज्य एका दरीत आणायचं: वाळवंट, समुद्रकडे, रेडवुडचं जंगल, सिएराची शिखरं. जागा जेमतेम दहा एकर, मधून वाइल्डकॅट नावाचा ओढा. रूफ राज्यभर फिरून रोपं, फांद्या, बिया आणायचा. स्वभाव तिखट. ‘फोर सीझन्स’ हे उद्यानाचं नियतकालिक तो स्वतः चालवायचा आणि वनस्पतिशास्त्रज्ञांशी, विशेषतः मॅन्झनिटाच्या जाती कुठे सुरू होतात आणि कुठे संपतात यावर, हिरिरीने भांडायचा. माँटारा डोंगरावरच्या मॅन्झनिटाच्या शास्त्रीय नावापुढे आजही त्याचंच आडनाव लागतं.

मॅन्झनिटा म्हणजे तांबड्या, गुळगुळीत खोडाचं, जाड पानांचं झुडूप. थंडीत त्याला घंटीसारखी फिकट गुलाबी फुलं लटकतात. सॅन फ्रान्सिस्कोच्या सर्पेंटाइन खडकावर वाढणारी, जमिनीलगत पसरणारी एक जात ॲलिस ईस्टवुड यांनी १९०५ साली नोंदवली: फ्रान्सिस्कन मॅन्झनिटा. शहर टेकड्या गिळत गेलं तशी ती उरली मुख्यतः लॉरेल हिलच्या दफनभूमीत. मेलेल्यांना कोणी हलवत नाही म्हणून झुडूप सुरक्षित. पण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शहराने आत दफन करायलाच बंदी घातली. जागेला भाव आला. हजारो सांगाडे उकरून दक्षिणेला कोल्मा गावी नेले, बेवारस थडग्यांचे दगड समुद्राच्या धक्क्यांना वापरले. १९४७मध्ये उरल्यासुरल्या टेकडीवर बुलडोझर फिरले. त्यांच्या तोंडातून रूफने काही झुडपं उपटून गोणीत भरली आणि टिल्डनला आणली. पुढे ही हकिगत तो थडगी उकरणाऱ्या चोराच्या थाटात, मिटक्या मारत सांगायचा. परवानगी, पंचनामा, ठराव असलं काही त्याच्या सांगण्यात येत नाही. आणखीही एक-दोघांनी फांद्या वाचवल्या होत्या. रानात मात्र जात संपली, असंच सगळे धरून चालले.

साठच्या दशकात उद्यानावरच गंडांतर आलं. ईस्ट बे पार्क खात्याचे प्रमुख विल्यम पेन मॉट हे साधेसुधे कारकून नव्हेत. पुढे ते अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांचे संचालक झाले. उद्यान ऑकलंडकडच्या शॅबो पार्कला हलवावं, असा प्रस्ताव त्यांच्या कारकिर्दीत पुढे आला. नकाशावर ते सोपं दिसतं. पण पंचवीस वर्षं खडकात मुळं रोवलेलं मॅन्झनिटा उचललं की बहुधा मरतं, हे कोणत्याही माळ्याने सांगितलं असतं. बर्कलीच्या हौशी बागवाल्यांनी, गृहिणींनी, प्राध्यापकांनी समिती काढली, पत्रं लिहिली, सभा गाजवल्या. उद्यान जागेवर राहिलं. जिंकलेल्या मंडळींना घरी बसवेना, त्यांनी राज्यव्यापी संस्था काढली. लवकरच अध्यक्षपदी आले लेडयार्ड स्टेबिन्स, वनस्पतींच्या उत्क्रांतीवरचे जगप्रसिद्ध अभ्यासक. त्यांच्या कार्डांच्या नोंदींतूनच दुर्मीळ वनस्पतींची ती यादी वाढली.

आणि मग संस्थेने जे धोरण धरलं, त्यात रूफची गोणी बसत नाही. बांधकामाच्या आड येणारी दुर्मीळ वनस्पती उपटून दुसरीकडे लावली म्हणजे नुकसान भरून निघतं, हे संस्था मानत नाही. कारण पक्कं आहे: हलवलेली रोपं फार मरतात, आणि झाडाबरोबर माती, बुरशी, मधमाश्या येत नाहीत. बिल्डरला तर पळवाट हवीच असते. मला हे पटतं. तरी १९४७मध्ये कोणी हे धोरण रूफला वाचून दाखवलं असतं, तर टिल्डनमध्ये फ्रान्सिस्कन मॅन्झनिटा आज नसती.

२००९च्या ऑक्टोबरात डॅन ग्लुसेनकँप हे पर्यावरणतज्ज्ञ गाडीतून चालले होते. गोल्डन गेट पुलाकडे जाणाऱ्या डॉइल ड्राइव्हची पुनर्बांधणी चालू होती, कडेची झाडी नुकतीच साफ केली होती. आत उघडं पडलेलं एक झुडूप त्यांच्या नजरेत भरलं. रानातलं फ्रान्सिस्कन मॅन्झनिटा, साठ वर्षांनी, महामार्गाच्या कडेला! रस्ता वळणार नव्हता. २०१०च्या जानेवारीत मुळांच्या मातीसकट कित्येक टनांचा तो गड्डा क्रेनने उचलून प्रेसिडिओ उद्यानात दुसरीकडे लावला. खर्च दोन लाख डॉलरच्या वर गेला. टीकाही झाली: रूफसारख्यांनी वाचवलेल्या झुडपांची कलमं रोपवाटिकांत मिळतात, मग एका झुडपासाठी एवढे पैसे? माझ्या मते हा प्रश्नच चुकीचा. चार-दोन झुडपांची कलमं कितीही केली तरी वंश तेवढाच राहतो, रानातल्या झुडपाने त्यात नवी भर पडते. २०१२ साली केंद्र सरकारने जातीला संकटग्रस्त ठरवलं. ग्लुसेनकँप पुढे याच सोसायटीचे कार्यकारी संचालक झाले.

एवढं सगळं होऊनही ही वनस्पती बागेत लावायला मनाई नाही. गॅलनच्या काळ्या कुंडीत मिळाली तर उतारावर, निचऱ्याच्या जमिनीत, पहिल्या पावसाच्या तोंडावर लावावी. पहिला उन्हाळा जपून पाणी द्यायचं. मूळ धरल्यावर मात्र उन्हाळ्यात पाणी तोडायचं, नाहीतर मुळं कुजतात. रोपविक्रीच्या टेबलामागच्या आजी पैसे घेण्याआधी हेच विचारतात: ठिबक कुठे कुठे फिरवलंय? हिरवळीशेजारी लावणार म्हटलं, तर कुंडी परत मागे ठेवतात.