मॉरिस मायनरची टकटक

इंजिन सुरू करू नका. फक्त किल्ली फिरवा आणि कान द्या. जुन्या मॉरिस मायनरच्या बॉनेटखालून टक्-टक्-टक् ऐकू येतं, मग ते मंदावतं आणि थांबतं. पेट्रोलचा दाब तपासण्याची पहिली पायरी इथेच पार पडते, तीही एकही अवजार हातात न घेता!

१९४८ पासून ऑक्सफर्डच्या काउली भागात बनलेली ही ॲलेक इसिगोनिस यांनी आखलेली गाडी. टकटक करतो तो तिचा एसयू कंपनीचा पेट्रोल पंप. त्यात एक विद्युतचुंबक लवचीक पडदा मागे ओढतो आणि पेट्रोल आत येतं. पडदा पुरता मागे गेला की वीज आपोआप तुटते. आता स्प्रिंग तोच पडदा पुढे ढकलते आणि पेट्रोल कार्ब्युरेटरकडे जातं. तिथली वाटी भरली की फ्लोट वर येतो आणि सुई वाट बंद करते. स्प्रिंग रेटत राहते, पण पडदा हलत नाही आणि वीज पुन्हा जुळत नाही. पंप गप्प. कुठे थांबायचं हे एका स्प्रिंगने ठरवावं, याचं मला दर वेळी नवल वाटतं.

स्प्रिंगचा हा जोर आकड्यात हवा असेल, तर पंप आणि कार्ब्युरेटरच्या मधल्या नळीत टी-जोड घालून गेज लावतात. जत्रेतली गुंडाळलेली पिपाणी फुंकली की उलगडते ना? १८४९ साली फ्रान्सच्या बूर्दोंने शोधलेली गेजमधली वाकडी नळी तशीच, दाबाने किंचित सरळ होते आणि काटा सरकवते. इथे तो तीन पीएसआयच्याही आत थांबतो! नंतरच्या काळातल्या इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्यांत हाच आकडा साधारण चाळीसच्या पुढे असतो. तिथे नळी सोडण्याआधी दाब उतरवावाच लागतो.

हे काम उघड्यावर, थंड इंजिनावर करायचं. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती जमिनीलगत साचते. गॅरेजमधला हीटरही आधी बंद हवा.

टकटक थांबल्यावर मिनिटभर तसेच उभे राहा. दर काही सेकंदांनी पुन्हा टक् होत राहिली, तर पेट्रोल कुठून तरी निसटतंय: सुईपाशी, पंपाच्या झडपेतून किंवा नळीतून. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ पासून साध्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि जुन्या रबराला ते सोसत नाही. म्हणून आधी नळीवरून बोट फिरवा. बोट ओलं झालं, तर किल्ली लगेच बंद करा.