कार्यकर्त्यांनो, कोणते कुलूप कशासाठी?

उदगीर परिसरात काम करताना ॲट्रॉसिटीच्या प्रकरणांतल्या साक्षीदारांचे नंबर, जबाबांचे फोटो, शिष्यवृत्तीच्या मुलांची आधार कार्डे हे सगळे आपल्याच मोबाईलमध्ये असते. ते चुकीच्या हाती पडले तर भोगायचे त्या साक्षीदाराला. म्हणून आम्ही ओपन सोर्स, म्हणजे ज्यांचा कोड कोणालाही तपासता येतो, अशी मोफत साधने पाहिली.

बोलण्यासाठी सिग्नल. व्हॉट्सॲपही २०१६पासून सिग्नलचेच एन्क्रिप्शन वापरते, मग फरक काय? व्हॉट्सॲपचा कोड बंद आहे, कोण कोणाशी कधी बोलले याची माहिती कंपनीकडे जाते आणि बॅकअपचे एन्क्रिप्शन आपण स्वतः चालू करावे लागते. सिग्नल अशी माहिती जवळजवळ ठेवतच नाही.

लॅपटॉप, पेनड्राईव्हसाठी व्हेराक्रिप्ट. चोरी झाली तरी फाईल उघडत नाही. मात्र पासवर्ड विसरलात तर तुमच्यासाठीही उघडत नाही!

व्हीपीएनबद्दल मुलांचा फार गैरसमज आहे. वायरगार्डचा कोड जेमतेम चार हजार ओळींचा, त्यामुळे तपासायला सोपा, वेगही चांगला. ओपनव्हीपीएन जुने, जड, पण अडवलेल्या नेटवर्कवरही बऱ्याचदा चालते. दोन्ही बोगदे मजबूत आहेत. पण बोगद्याच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या कंपनीला तुमची ये-जा दिसते. सर्ट-इनच्या २०२२च्या आदेशानुसार व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकांची नावे-पत्ते पाच वर्षे जपायचे आहेत. टॉर तीन टप्प्यांतून जाते, त्यामुळे कोणा एका टप्प्याला सगळे कळत नाही. पण ते संथ आहे.

आता खरा मुद्दा. एल्गार परिषद प्रकरणात अमेरिकेच्या आर्सेनल कन्सल्टिंगने २०२१मध्ये अहवाल दिला की, रोना विल्सन यांच्या लॅपटॉपमध्ये २०१६च्या एका ईमेलमधून नेटवायर हे मालवेअर शिरले आणि त्यातून फाईली पेरल्या गेल्या. एनआयएला हे मान्य नाही. २०१९मध्ये आनंद तेलतुंबडे यांनाही फोन पेगाससचे लक्ष्य झाल्याची सूचना मिळाली होती. चोर घरातच शिरला तर वाटेवरचे कुलूप काय करणार? असे मालवेअर थेट स्क्रीनवरचे वाचते. तिथे सिग्नल, व्हीपीएन दोन्ही निरुपयोगी.

म्हणून आमचा क्रम असा : आधी फोनचे अपडेट आणि सहा आकड्यांचा पिन, मग सिग्नल, मग व्हेराक्रिप्ट. व्हीपीएन सगळ्यात शेवटी. आणि "नोटीस", "निमंत्रण" म्हणून आलेली जोडफाईल ओळखीच्या माणसाकडून आली तरी आधी त्याला फोन करून विचारायचे, मगच उघडायची.