संदेशाचे माप

मारक टी-पेशीला मारावयाचे शिकवावे लागत नाही. ते सामर्थ्य तिच्या अंगी असतेच, आणि म्हणून तिची पुनर्रचना करणाऱ्याचे सारे कौशल्य, तिने कोणाला ओळखावे, ओळख पटल्यावर आत काय कळवावे आणि ते किती जोराने व किती काळ कळवावे, एवढ्याच गोष्टींत सामावलेले असते. मुंबईतील एका प्रयोगशाळेच्या निर्जंतुक दालनातले काम काचेआडून पाहताना ही गोष्ट मला प्रथम नीट उमगली.

रुग्णाच्या रक्तातून वेगळ्या काढलेल्या पेशींची पिशवी आत येताच तिच्यावरील नाव व क्रमांक एक जण मोठ्याने वाचतो, दुसरा ते दप्तराशी ताडून पाहतो, आणि दोघांच्याही सह्या झाल्यावाचून पुढचे पाऊल पडत नाही. मग प्रतिपिंडे लावलेले सूक्ष्म चुंबकीय मणी त्यांत मिसळतात. आदल्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली लहान, गोल आणि विलग दिसलेल्या पेशी पुढे फुगून, एकमेकींना बिलगून, झुबक्याझुबक्यांनी बसलेल्या दिसल्या, तेव्हा त्या जाग्या झाल्याची खूण पटली. या जागृतावस्थेतच, रोग उत्पन्न करण्याची शक्ती काढून घेतलेल्या लेन्टिव्हायरसच्या द्वारे नवे जनुक त्यांच्या गुणसूत्रांत शिरविले जाते.

त्या जनुकापासून बनणारा 'कार' नावाचा ग्राही निसर्गात कोठेही आढळत नाही. त्याचे बाहेरचे टोक प्रतिपिंडाचे असून ते कर्करोगग्रस्त बी-पेशींवरील सीडी-19 हा रेणू ओळखते. आतले शेपूट मात्र टी-पेशीच्या स्वतःच्याच प्रथिनांतून घेतलेले असते. बाहेर गाठ पडली, की शेपटावरील टायरोसिनांना एलसीके हे विकर फॉस्फेट जोडते, तेथे झॅप-70 येऊन बसते, पेशीत कॅल्शियमची पातळी चढते आणि वेशीवरच्या चौकीदाराची वर्दी हातोहात सदर कचेरीत पोहोचावी तसा तो संदेश केंद्रकापर्यंत जातो. असे संकरित ग्राही इस्राएलच्या वाइझमान संस्थेत झेलिग एश्हार आणि गिडियन ग्रॉस यांनी 1989 मध्येच घडविले होते. परंतु प्रारंभीच्या रचनांतील पेशी शरीरात टिकत नसत. त्यांना दुसऱ्या, साहाय्यक संदेशाची जोड दिल्यावर त्या तग धरू लागल्या. सीडी-28 या साहाय्यक प्रथिनाची जोड दिली तर उठाव त्वरित आणि जोरकस होतो. फोर-वन-बीबीची दिली तर तो संथ, पण चिवट. आयआयटी मुंबई आणि टाटा स्मारक केंद्र यांच्या सहकार्याने सिद्ध झालेल्या, 2023 मध्ये परवाना मिळालेल्या 'नेक्सकार-19' उपचारात फोर-वन-बीबीच आहे.

संदेशाच्या जोराचे माप किती महत्त्वाचे आहे, हे फिलाडेल्फियात 2012 साली एमिली व्हाइटहेड या बालिकेच्या बाबतीत दिसले. 'कार' पेशींच्या उपचारानंतर तिच्या रक्तात इंटरल्यूकिन-6 हे दाहकारक प्रथिन इतके उसळले, की ती मृत्यूच्या दारी पोहोचली. त्याचा परिणाम रोखणारे, संधिवातासाठी वापरले जाणारे टोसिलिझुमॅब हे औषध दिल्याने ती वाचली आणि कर्करोगमुक्तही झाली. कर्करोगावर तुटून पडणाऱ्या पेशींनी उसळविलेली ही आग विझविण्याचा बंदोबस्त आज उपचारापूर्वीच करून ठेवतात, हे मला या शास्त्राच्या प्रौढत्वाचे लक्षण वाटते.

सीडी-19 निरोगी बी-पेशींवरही असते, पण त्यांचा नाश सोसता येतो. घन अर्बुदांच्या खुणा हृदय-फुप्फुसांवरही आढळल्या, तर त्यांचा नाश सोसवणार नाही. म्हणून 2016 मध्ये कॅलिफोर्नियातील वेंडेल लिम यांच्या गटाने 'सिननॉच' ग्राही वापरून दुहेरी अट घातली: पहिली खूण पटली, की ग्राहीचा आतला तुकडा तुटून केंद्रकात जातो व तेथे 'कार'चे जनुक चालू करतो, मग ती पेशी दुसऱ्या खुणेवर हल्ला करते. पहिल्या खुणेपासून दूर गेल्यावर 'कार' हळूहळू ओसरतो, आणि तेवढ्या अवधीत पेशी निरोगी ऊतींत भटकू शकते. मी निघालो त्या वेळी शेजारच्या खोलीतील संशोधिका अशाच पेशींचे नमुने ठराविक तासांनी प्रवाह-पेशीमापकातून काढून, पडद्यावरील, 'कार'चे प्रमाण दर्शविणारा ठिपक्यांचा पुंज किती खाली सरकला, हे नोंदवहीत टिपत होती.