बिअरच्या कॅनवर उभी कोंबडी: उष्णता नेमकी कुठून कुठे जाते?

अख्खी कोंबडी, वरून मसाला चोळलेला, अर्ध्या भरलेल्या बिअरच्या कॅनवर उभी बसवलेली आणि भोवती निखारे. रीलमध्ये तरी तुम्ही हा प्रकार पाहिला असेलच. आमच्या माझगावात थर्टी फर्स्टच्या आसपास गच्चीवर कोळशाची शेगडी निघते, तेव्हा एखादा तरी उत्साही वीर हे करतोच. आणि करताना ठामपणे सांगतो, "आतून बिअरची वाफ लागते ना, म्हणून कोंबडी एकदम ज्युसी होते."

आजचा लेख या एका वाक्यावर आहे. तुमच्यापैकी बरेच जण पेटची तयारी करताहेत, काहींचं सिनॉप्सिस लिहिणं चालू आहे. "विषय आहे, पण प्रश्न सापडत नाही" ही तक्रार सगळ्यांचीच असते. वरचं वाक्य त्यासाठी फार उपयोगी आहे, कारण ते ऐकायला निरीक्षणासारखं वाटतं, पण प्रत्यक्षात तो कारणमीमांसेचा दावा आहे. कोंबडी ज्युसी झाली हे निरीक्षण. बिअरच्या वाफेमुळे झाली, हा दावा. सिनॉप्सिस नापास होतात ती बहुतेक वेळा या दोन गोष्टींची गल्लत झाल्यामुळे.

थोडा इतिहास. अमेरिकेत हा प्रकार बार्बेक्यूच्या मेळाव्यांमधून वर आला. स्टीव्हन रायक्लन यांनी २००२ मध्ये यावर अख्खं पुस्तक लिहिलं आणि तो घरोघरी पोचला. पुढे मीटहेड गोल्डविन हे लेखक आणि ग्रेग ब्लाँडर हे भौतिकशास्त्रज्ञ यांनी तो मनावर घेतला आणि उलट मत मांडलं, की यात चांगली बिअर वाया जाते, बाकी काही नाही. आता कोणाचं खरं? मोठ्या नावावर विश्वास ठेवून चालणार नाही. कागद-पेन घ्या, कारण हा निकाल शेगडी न पेटवताही बराचसा लावता येतो.

धरून चाला की साफ केलेली कोंबडी १.२ किलोची आहे. मांसात साधारण तीन चतुर्थांश पाणी असतं, त्यामुळे त्याची विशिष्ट उष्णता पाण्यापेक्षा थोडी कमी, किलोमागे अंशाला साधारण ३.४ किलोज्यूल. फ्रिजमधून ५ अंशाला काढलेली कोंबडी ७४ अंशांपर्यंत न्यायची (कोंबडी खायला सुरक्षित मानण्याचं हे सर्वमान्य तापमान) तर १.२ गुणिले ३.४ गुणिले ६९, म्हणजे सुमारे २८० किलोज्यूल लागतील. कातडीवरून उडून जाणाऱ्या पाण्याची उष्णता यात धरलेली नाही, ती वेगळी.

आता बिअर. ३३० मिलीचा कॅन, अर्धा रिकामा केलेला (कसा, ते विचारू नका). राहिली १६५ मिली. ती ५ वरून १०० अंशांवर न्यायला साधारण ६५ किलोज्यूल पुरतात, हे काही फार नाही. पण वाफ करायची म्हटलं की हिशोब बदलतो. पाण्याच्या एका ग्रॅमची वाफ करायला सुमारे २.२६ किलोज्यूल लागतात, म्हणजे १६५ ग्रॅमला ३७० च्या वर. आकडा परत बघा. अर्ध्या कॅनची वाफ करायला अख्खी कोंबडी शिजवण्यापेक्षा जास्त उष्णता लागते! आणि ही उष्णता कॅनला देणार कोण? कॅनच्या भोवती तर कोंबडीच आहे.

इथे खरी गंमत आहे. उष्णता गरम जागेकडून थंड जागेकडेच जाते. निखाऱ्यांची धग आधी कातडीला लागते, मग मांसातून हळूहळू आत सरकते, मग पोकळीच्या भिंतीला पोचते आणि सगळ्यात शेवटी कॅनला. रांगेत बिअर शेवटची. म्हणून कॅनचा जो भाग कोंबडीच्या आत आहे, तो पोकळीच्या भिंतीपेक्षा जास्त गरम होऊच शकत नाही. आणि भिंत ७४-७५ अंशांना पोचली की आपण कोंबडी उतरवतो. बिअर उकळायची वेळ येण्याआधीच जेवण वाढलेलं असतं.

"पण उकळल्याशिवायही वाफ होतेच की," असं तुमच्या मनात आलं असेल तर शाब्बास, गाईडनेही हाच प्रश्न विचारला असता. बरोबर आहे. ७५ अंशांना पाण्याच्या वाफेचा दाब वातावरणाच्या दाबाच्या सुमारे ३८ टक्के असतो, तो दुर्लक्ष करण्यासारखा नाही. पण पोकळीची भिंतही ओलीच आहे ना! ती बिअरइतकी किंवा बिअरपेक्षा गरम आहे, म्हणजे तिच्यावरचा वाफेचा दाब बिअरवरच्या दाबाइतका किंवा त्याहून जास्त. मग पाण्याची वाफ बिअरकडून मांसाकडे जाणार कशी? गेलीच तर उलटी जाईल. शिवाय कोंबडीची चरबी वितळून कॅनच्या तोंडातून आत टपकते, बिअरवर तवंग धरते आणि उरलंसुरलं बाष्पीभवनही मंदावते.

या युक्तिवादाची हद्दही बघून ठेवा. निखारे बाजूला असतील तरच तो पक्का आहे. निखारे थेट कॅनच्या बुडाखाली असतील तर उष्णतेला कोंबडीला वळसा घालून बुडातून शिरायची वाट मिळते आणि मग बिअर उकळूही शकते. तुमचा निष्कर्ष कोणत्या मांडणीत लागू आहे हे तुम्ही लिहिलं नाही, तर व्हायव्हाला बाहेरून आलेले परीक्षक ते नक्की विचारतात.

समजा, उकळली. तरी वाफ मांसात 'मुरत' नाही. मांसातलं पाणी टिकतं की जातं हे मुख्यतः मांस किती तापलं यावर ठरतं. ६० अंशांच्या पुढे प्रथिनं आकसतात आणि पिळलेल्या फडक्यासारखं पाणी बाहेर येतं. पोकळीच्या भिंतीवर बाहेरून वाफेचे थेंब जमले म्हणून ते थांबत नाही. नाहीतर उकडलेलं चिकन कधी कोरडं लागलंच नसतं. राहिला स्वाद. बिअरमधली माल्टची गोडी साखर आणि प्रथिनांची असते, ती उडतच नाही, कॅनमध्येच राहते. अल्कोहोल आणि हॉप्सचे सुगंधी अंश थोडेफार उडतात, पण बाहेर लाल मसाला आणि कोळशाचा धूर असताना ते ओळखू येतील का? हा मात्र खरा, उघडा प्रश्न आहे. त्याच्याकडे पुढे येतो.

त्याआधी जरा पलीकडे जाऊन येऊ. भाऊच्या धक्क्यावरून रेवसची लाँच पकडा, उतरून अलिबागच्या बाजूला कुठल्याही गावात जा. हिवाळ्यात वालाच्या शेंगा आल्या की तिथे पोपटी लागते. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, मीठ, ओवा, मसाला लावलेलं चिकन, अंडी, असे थर. पाण्याचा एक थेंबही नाही. तोंड परत पाल्याने गच्च बंद करायचं, मडकं उलटं ठेवायचं आणि भोवती पेंढा, गोवऱ्या, काटक्या रचून पेटवायचं. अर्ध्या-पाऊण तासात काम तमाम.

कॅनवाल्या कोंबडीबद्दल जे म्हटलं जातं, ते सगळं पोपटीत खरोखर घडतं. कारण तिथे रांग वेगळी आहे. आग आधी मडकं तापवते, मडकं पाला आणि शेंगा तापवतं, त्यांच्यातल्या पाण्याची वाफ होते आणि ती वाफ कोंड्यात सापडून थंड मांसावर परत पाणी होते. पाणी होताना ती वर सांगितलेले ग्रॅममागे २.२६ किलोज्यूल मांसाला देऊन टाकते. वाफ ही उष्णता पोचवणारी हमाल. कॅनमध्ये आपण हमालाला मालाच्या मागे उभं केलंय. 'वाफेवर शिजवणं' असा एकच शब्द दोन्हीकडे वापरला, तर हा फरक दिसणारच नाही.

जाता जाता एक. पोपटी झाली की नाही हे मडक्यावर पाणी शिंपडून बघतात, चर्र आवाज आला की झाली. हे मोजमाप कोंबडीचं नाही, मडक्याचं आहे. तरी चालतं, कारण तुकडे लहान असतात आणि आत सगळीकडे वाफ असते. अख्ख्या कोंबडीला हीच खूण लावली तर मांडीच्या सांध्यापाशी कच्ची निघेल. आपल्या सर्वेक्षणांतल्या प्रश्नावल्या कित्येकदा अशाच मडक्यावर पाणी मारत असतात.

आता उघडा प्रश्न: बिअरचा वास जिभेला कळतो का? प्रयोग कसा मांडाल? बहुतेकांचं पहिलं उत्तर असतं, "एक कोंबडी कॅनवर, एक आडवी, आणि चव बघू." यात फरक दिसला तरी तो बिअरचा की उभं ठेवण्याचा, हे कळणार नाही. उभ्या कोंबडीला चहूबाजूंनी धग लागते, चरबी निथळते, कातडी सगळीकडे कुरकुरीत होते. तंदूरमध्ये सळईला लावलेली कोंबडी उभीच असते, आणि तिला कोणी बिअर पाजत नाही. म्हणून तुलना उभ्याची उभ्याशीच हवी: एकात बिअर, एकात तेवढंच पाणी, एकात काहीच नाही. आणि कॅन नकोच. त्याच्या आत पातळ प्लास्टिकसारखा थर असतो, बाहेर छपाईची शाई, आणि दोन्ही थंड पेयासाठी केलेले असतात, निखाऱ्यांसाठी नाही. घरातला जड बुडाचा स्टीलचा पेला घ्या. पेला वजनदार असला की कोंबडी कलंडून गरम द्रव अंगावर येण्याची भीतीही कमी. थर्मामीटर मांडीच्या सांध्याशी आणि पोकळीच्या भिंतीशी, दोन्हीकडे लावा. आतला थंड द्रव उष्णता शोषत असतो, त्यामुळे बाहेरून खरपूस दिसणारी कोंबडी आतून ७४ च्या खाली असू शकते, आणि साल्मोनेलाला रंगाशी देणंघेणं नसतं.

बिअर किती उडाली हे पेल्याचं आधी-नंतरचं वजन करून काढू, असं वाटेल. फसाल. वरून रस आणि चरबी टपकते, त्यामुळे वजन वाढूही शकतं. दोन विरुद्ध गोष्टी एकाच आकड्यात मिसळल्या, की तो आकडा निरुपयोगी. द्रवाचं तापमान नोंदवणं जास्त विश्वासाचं.

चवीसाठी त्रिकोणी चाचणी असते. प्रत्येकाला तीन तुकडे द्यायचे, दोन एका प्रकारचे, एक दुसऱ्या. वेगळा कोणता ते सांगायचं. नुसता अंदाज मारला तरी तिघांत एकाचं बरोबर येतं. १२ जण असतील तर ४ जण नशिबाने ओळखतील. ७ जणांनी ओळखलं? तेही नशिबाने होण्याची शक्यता साधारण ६-७ टक्के, म्हणजे नेहमीच्या ५ टक्क्यांच्या निकषावर अपुरं. ८ जणांनी ओळखलं तर ती शक्यता २ टक्क्यांच्या आत येते.

आणि इथेच चांगले चांगले अडकतात. १२ पैकी १० जणांनी ओळखलं, पण सगळे तुकडे एकाच बिअरच्या आणि एकाच पाण्याच्या कोंबडीचे होते. तुम्ही काय सिद्ध केलं? या दोन कोंबड्या वेगळ्या लागतात, एवढंच. एक कदाचित वयाने मोठी असेल, एकीच्या बाजूला कोळसा जास्त असेल. बिअरबद्दल बोलायचं तर प्रत्येक प्रकारच्या अनेक कोंबड्या लागतील, आणि कुठली कोंबडी कुठल्या पेल्यावर हे चिठ्ठ्या टाकून ठरवावं लागेल. खाणारे १२ असोत की १२०, नमुना दोनचाच. शाळेतले ४०० विद्यार्थी तपासले पण शाळा दोनच घेतल्या, अशा प्रबंधांचं दुखणं हेच.

हे सगळं कोंबडीपुरतं असतं तर हसण्यावारी नेलं असतं. पण जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शहरातल्या लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा इतर स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं, आणि तेव्हापासून एक वाक्य सारखं कानावर येतं: "लाकडाच्या भट्टीशिवाय पावाला ती चव येणार नाही." याची रचना ओळखीची वाटते का? चव हे निरीक्षण आहे, लाकूड हा दावा. पारंपरिक भट्टीत आधी लाकूड जाळून विटा तापवतात, निखारे बाजूला सारतात आणि मग पाव आत जातो. मग चव धुराची, की तापलेल्या जाड विटांकडून सगळीकडून सारख्या येणाऱ्या धगेची, की बंद भट्टीत कोंडलेल्या पिठातल्याच ओलाव्याची? धुराची असेल तर भट्टीवाल्याचं म्हणणं खरं आहे आणि त्याचं नुकसान भरून निघणारं नाही. विटांची असेल तर तीच भट्टी ठेवून फक्त इंधन बदलता येईल. एका बाजूला पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा आणि भट्टीवरच्या कामगारांची रोजी, दुसऱ्या बाजूला त्याच गल्लीतल्या लोकांची फुफ्फुसं. दोन्हीकडचे लोक ठामपणे बोलताहेत, पण विटांचं आणि धुराचं काम वेगळं करून मोजायचं कसं, याची मांडणी करायला हवी. कोणाला सिनॉप्सिससाठी प्रश्न हवा असेल तर हा घ्या. पाव कोंबडीपेक्षा स्वस्त असल्याने नमुनेही भरपूर घेता येतील.