विस्कटणे, फोकणे आणि उधळणे



शब्द एकच, पण घरात त्याचा अर्थ एक आणि रानात दुसरा, असे पुष्कळदा होते. 'विस्कटणे' हाच शब्द घ्या. केस विस्कटले, घडी विस्कटली, संसार विस्कटला, हे घरात नुकसानीचेच बोलणे. रानात मात्र शेणखताचे ढीग विस्कटणे हे चांगले काम. ओतलेला ढीग फोडून खत सारख्या थराने रानभर पसरणे म्हणजे विस्कटणे. विस्कटलेले खत त्याच दिवशी कुळवाची पाळी घालून मातीआड करावे. उन्हात पडून राहिले की त्यातले नत्र उडून जाते.

'फोकणे' याहून निराळे. मुठीत घेऊन हाताच्या फेकीने बी किंवा खत टाकणे म्हणजे फोकणे. आणि 'उधळणे'? भंडारा उधळावा, गुलाल उधळावा. पैसा उधळला की तो गेला!

हे सांगायचे कारण असे, की मागे एका हंगामात आमचीच चूक झाली. गट ऑफिसच्या फळ्यावर आम्ही लिहिले, "खोडव्याला युरिया, सुपर विस्कटून द्यावे." आमच्या मनात होते ते पाचट कुजविण्याचे खत. एका सभासदांनी उसाचा हप्तासुद्धा तसाच कोरड्या पाचटावर विस्कटला. त्यात पाण्याची पाळी लांबली. खोडवा पिवळा पडला आणि खताची उचल मात्र बिलातून कापली गेली. ते म्हणाले, "साहेब, फळ्यावर लिवलंय तसंच केलं की!" त्यांचे खरे होते.

म्हणून आता फोड करून सांगतो.

पाचटाचे खत : हे जिवाणूंसाठी. हेक्टरी 80 किलो युरिया व 100 किलो सुपर फॉस्फेट पाचटावर फोकावे. पाचट कुजविणारे 10 किलो जिवाणू खत शेणखतात मिसळून वरून विस्कटावे. लगेच पाणी द्यावे. मग ओल असतानाच पाचट पायाने सरीत दाबून मातीला लावावे.

उसाचे खत : हे फोकू नये, विस्कटूही नये. पहारीने द्यावे. बुडख्यापासून 15 ते 20 सें.मी. अंतरावर तितकेच खोल छिद्र घ्यावे, दोन छिद्रांत 30 सें.मी. अंतर ठेवावे आणि खत घालून छिद्र मातीने बुजवावे. पहिला हप्ता तोडणीनंतर 15 दिवसांत सरीच्या एका बाजूला, दुसरा 135 दिवसांनी दुसऱ्या बाजूला.

युरियाच्या 45 किलोच्या पोत्यात जवळजवळ 21 किलो नत्र असते. उघड्या पाचटावर पडलेल्या युरियाचा अमोनिया होतो आणि तो वाऱ्यावर जातो. पहारीने दिलेले मुळाशी राहते. म्हणजे उसाचे खत फोकणे हे पैसा उधळणेच झाले.

यापुढे फळ्यावर आम्ही नेमका शब्द लिहू. तरीही शंका आली, तर पोते फोडण्याआधी चिटबॉयला किंवा गट ऑफिसात विचारावे. विचारायला पैसे पडत नाहीत.