दारफाळणी, बिरडं आणि रोजा

घटस्थापना जवळ आली की धाराशिवकडच्या घरांत भगर, शाबू आणि शेंगदाण्याचं कूट हाताशी येतं. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ असं आपणच आपल्याला हसतो. २०२५च्या दसऱ्याला, २ ऑक्टोबरला, तुळजापुरात देवीचं सीमोल्लंघन झालं. त्याच दिवशी मुंबई-ठाण्याकडची काही मराठी घरं आदल्या सूर्यास्तापासून पाण्याचा थेंबही न घेता बसली होती. ही बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू, माणसं. त्यांचा दिवस योम किप्पूर, प्रायश्चित्ताचा. २०२४मध्येही दोन्ही दिवस १२ ऑक्टोबरलाच आले होते.

हा निव्वळ योगायोग नव्हे. ज्यूंचे महिनेही चंद्राचे, आणि सूर्याशी मेळ घालायला त्यांच्याकडेही अधिक महिना धरतात, १९ वर्षांत ७ वेळा. योम किप्पूर तिश्रीची दशमी, दसरा आश्विनाची.

उपवास म्हणजे काय, याबाबत मात्र दोन्हीकडे मोठं अंतर. ज्यू धर्मशास्त्रात फराळ नाही. वर्षातले प्रमुख सार्वजनिक उपवास सहा. त्यांतले योम किप्पूर आणि अव महिन्याची नवमी हे दोन सूर्यास्तापासून दुसऱ्या रात्रीपर्यंत, सुमारे २५ तासांचे. बाकीचे चार पहाटेपासून रात्र पडेपर्यंत. मोठ्या दोन उपवासांत अंघोळ, तेल लावणं, चामड्याची पादत्राणं आणि पतिपत्नीसंबंधही वर्ज्य. शब्बाथच्या दिवशी, शनिवारी, उपवास आला तर तो हलवतात. एकटा योम किप्पूर जागचा हलत नाही. पण जिवाला धोका असेल त्याने जेवायचंच, असा हाच कायदा सांगतो. अशा आजाऱ्याला थोड्या थोड्या वेळाने, मोठ्या खजुराएवढ्या मापाहून कमी घास द्यायचे, इतका त्याचा विचार झालेला आहे. हट्टाने उपास ओढणाऱ्या आपल्या घरच्या वडीलधाऱ्यांना हे कुणीतरी सांगायला हवं.

बेने इस्रायलींची मूळ वस्ती अलिबाग-पेणच्या पट्ट्यात. किहीमचे ते किहीमकर, दिव्याचे ते दिवेकर. धंदा तेलघाण्याचा, आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. त्यांच्यातलेच इतिहासकार हाईम सॅम्युअल किहीमकर यांनी १८९७मध्ये समाजाचा इतिहास लिहिला. तो छापून आला १९३७मध्ये, तेल अवीवला. त्यात उपवासांची जुनी नावं सापडतात, आणि खरी गंमत तिथे आहे. योम किप्पूर म्हणजे ‘दारफाळणीचा सण’. पांढरे कपडे घालून, दार लावून आत बसायचं, बाहेरच्यांशी संबंध नाही. दुसरा दिवस ‘शिळा सण’, भेटीगाठींचा आणि दानधर्माचा. जेरुसलेमचं मंदिर पडल्याच्या शोकाची अव नवमी, तिचं नाव ‘बिरड्याचा सण’, वालाच्या बिरड्यावरून. युरोपातल्या ज्यूंकडे याच उपवासाआधी मसूर आणि राखेत बुडवलेलं अंडं खातात. शोकाला कडधान्य तिथेही आणि कोकणातही.

दुसरा गट ‘रोजां’चा. तिश्रीच्या तृतीयेचा तो ‘नव्याचा रोजा’, तम्मुझच्या सतराव्या दिवसाचा ‘सबाबी रोजा’, आणि एलूल महिनाभराच्या उपवासांना चक्क ‘रमजान’. ख्वाजा शमसुद्दीन गाझींच्या दर्ग्याच्या गावात, धाराशिवात, राहणाऱ्याला या शब्दाचं नवल वाटू नये. शेजाऱ्याचा शब्द घेतला, दिवस आपला ठेवला.

हे उपवास आले कुठून? परंपरा सांगते, डेव्हिड राहाबी नावाच्या ज्यूने या विस्मृत बांधवांना धर्म पुन्हा शिकवला. किहीमकर त्याला कितीतरी शतकं मागे नेतात. इतर अभ्यासक कोचीच्या अठराव्या शतकातल्या राहाबीकडे बोट दाखवतात. माझा कौल असा : शिकवणाऱ्याने दिलेलं नाव हिब्रू राहिलं असतं. ‘दारफाळणी’ आणि ‘बिरडं’ ही नावं पोथीतली नाहीत, ओसरीवरची आणि चुलीपुढची आहेत. घरातल्या बायांनी ती धरून ठेवली असावीत.

हिब्रू नावं पुढे रुळली. मुंबईत १७९६मध्ये सॅम्युअल इझिकिएल दिवेकरांनी सिनेगॉग बांधलं. एकोणिसाव्या शतकात जोसेफ इझिकिएल राजपूरकरांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या. महाराष्ट्र सरकारने ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला तो २०१६मध्ये.

२०२४ आणि २०२५मध्ये दारफाळणी आणि दसरा जुळले; २०२६मध्ये मात्र आपल्याकडे अधिक ज्येष्ठ आहे. त्यामुळे दारफाळणी २१ सप्टेंबरला, आणि दसरा २० ऑक्टोबरला.